दोन ठिकाणी लिहिलेला शब्द

आमच्या हॉस्पिटलच्या ऑफिसात त्यांना सगळे कुलूपदादा म्हणतात. त्यांचं खरं काम ड्यूट्या लावण्याचं: कोणती सिस्टर कोणत्या वॉर्डात, कोणत्या पाळीला, सुट्टी कधी. पूर्वी संगणकावरची या ड्यूट्यांची शीटं उघडीच असायची आणि जी ती येऊन आपली रात्रपाळी दुसरीच्या गळ्यात मारून जायची. मग भांडणं माझ्या टेबलासमोर. मी आवक-जावक बघते, पण निवाडा करायलाही मीच! शेवटी त्यांनी प्रत्येक वॉर्डाच्या शीटला पासवर्ड लावला. भांडणं मिटली आणि हे नाव त्यांना चिकटलं ते चिकटलंच.

पुढे कुलपं काढण्या-लावण्याचाच व्याप होऊन बसला, म्हणून त्यांनी मॅक्रो लिहिला. मॅक्रो म्हणजे संगणकाला एकदाच शिकवून ठेवलेलं काम. बटण दाबलं की तो एकेका वॉर्डाचं कुलूप काढायचा, ड्यूट्या भरायचा आणि पुन्हा कुलूप लावायचा. त्यासाठी प्रत्येक वॉर्डाचा पासवर्ड त्यात दोनदा लिहिलेला होता, एकदा काढायला आणि एकदा लावायला. बटण दाबून हे गृहस्थ चहाला जायचे आणि परत आल्यावर आपणच घाम गाळल्यासारखा चेहरा करायचे.

"एवढे पासवर्ड लक्षात कसे राहतात हो?" मी एकदा विचारलं.

ते गालातल्या गालात हसले. "वॉर्डाची सिस्टर डोळ्यांसमोर आणायची. आपोआप आठवतो."

मला वाटलं, काय हा माणूस, सगळ्यांची किती आठवण ठेवतो! माझंही डोकं कधीकधी घरीच राहतं.

बाळंतिणींच्या वॉर्डाच्या प्रमुख म्हणजे मोठ्या सिस्टर. स्ट्रेचरवरून घसरणाऱ्या एका पेशंटला सावरताना त्यांचा पाय दुखावला तो कायमचा, तेव्हापासून लंगडतात. जिभेला हाड नाही. टोपणनावं ठेवायची भारी हौस, पण जे काय ते तोंडावर. कुलूपदादांची मुलगी त्यांच्याच वॉर्डात जन्मली, दिवस भरायच्या आधी, मुठीएवढी. दूध घेईना. मोठ्या सिस्टर ड्यूटी संपली तरी घरी गेल्या नाहीत. कापसाच्या बोळ्याने थेंब थेंब पाजत बसल्या. पोर जेव्हा पहिल्यांदा जोरात ओरडली तेव्हा म्हणाल्या, "ऐका, टिटवी आहे नुसती!" मुलगी आता शाळेत जाते, पण घरीदारी टिटवीच. तिचा दात पडला तरी कुलूपदादा आधी मोठ्या सिस्टरना सांगून यायचे.

मध्यंतरी मोठ्या साहेबांनी ड्यूट्या लावायला बाहेरच्या लोकांना आणायचं ठरवलं. कुलूपदादांची झोपच उडाली. कामच गेलं तर त्यांना कोण विचारणार होतं? तेव्हा त्यांच्यासाठी साहेबांकडे गेल्या त्याही मोठ्या सिस्टरच. "घरचा माणूस असताना बाहेर कशाला शोधायचं? आधी त्याचं काम तरी बघा," म्हणाल्या. साहेबांनी सगळ्या वॉर्डांच्या सिस्टरना बोलावून मीटिंग ठेवली. तिथे कुलूपदादा आपला मॅक्रो चालवून दाखवणार होते.

मीटिंगच्या आदल्या दिवशी मोठ्या सिस्टर ऑफिसात आल्या.

"कुलूपदादा, माझ्या वॉर्डाचा पासवर्ड मला देऊन ठेवा बाई. ऐन वेळी कुणी आजारी पडलं की तुम्हाला कुठे हुडकत बसू?"

साधी गोष्ट होती. पण कुलूपदादांचा चेहरा पांढराफटक पडला.

"तो... तो जुना झालाय," ते म्हणाले. "आता बदलतोच. तुम्हीच सांगा, कोणता ठेवू?"

"टिटवी ठेवा. म्हणजे मीही विसरणार नाही आणि तुम्हीही नाही."

त्यांनी तिथल्या तिथे शीटचा पासवर्ड बदलला आणि कपाळ पुसलं. पंखा चालू असताना एवढा घाम कसला, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

मीटिंगच्या खोलीत संगणकाचा पडदा भिंतीवर मोठा करून दाखवला होता. कुलूपदादांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बटण दाबलं. एकेक वॉर्ड भरत गेला तशा सिस्टर "अगंबाई" म्हणत माना हलवायला लागल्या. साहेबही पुढे सरकून बसले. बाळंतिणींचा वॉर्ड आला आणि मॅक्रो अडकला. पासवर्ड चुकीचा, अशी पाटी आली. शीटवरचा शब्द बदलला होता, मॅक्रोतला तसाच राहिला होता.

अशा वेळी चूक कुठे आहे ते बघायचं एक बटण येतं. ऑफिसात ते हजारदा दाबत असतील. हाताच्या सवयीने इथेही दाबलं, आणि त्यांनी लिहिलेला सगळा मॅक्रो भिंतीवर उघडा पडला, प्रत्येक वॉर्डाच्या नावापुढे त्याच्या पासवर्डासकट. डोळ्यांच्या वॉर्डापुढे रडूबाई. हाडांच्या वॉर्डापुढे तोफ. आधी हशा पिकला. सगळ्यांत मोठ्याने हसली ती तोफच. मग जी ओळ अडली होती, जिच्यावर पिवळा पट्टा आला होता, तिच्याकडे एकेकीची नजर गेली. बाळंतिणींच्या वॉर्डापुढे लिहिलं होतं, लंगडी.

मला इतकी लाज वाटली की मान वर करवेना, आणि मी तर काहीच केलं नव्हतं. कुलूपदादांचा हात माउसवर तसाच राहिला. पडदा बंद करायचंही त्यांना सुचलं नाही.

"थांबलंय कशाला?" मोठ्या सिस्टरच बोलल्या. आवाज नेहमीचाच. "कालचा शब्द टाका ना. टिटवी."

त्यांनी तो शब्द एकेक अक्षर करून पुसला आणि त्या जागी, सगळ्यांदेखत, आपल्या मुलीचं नाव लिहिलं. मॅक्रो सुरळीत चालला. साहेब म्हणाले, बाहेरचं कुणी नको, हेच चालू ठेवा. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

ऑफिसात येऊन कुलूपदादा खुर्चीत नुसते बसले. पाणी दिलं तर ग्लास हातात धरून राहिले. "लक्षात राहावा म्हणून ठेवला होता हो," ते मला म्हणाले. "मनात काही नव्हतं."

"मग मनात काय होतं?" मी विचारलं. मला त्यांची कीव येत होती आणि रागही येत होता.

तेवढ्यात माझ्या टेबलावरचा फोन वाजला. मोठ्या सिस्टर. "कुलूपदादांना सांगा, एकीची पाळी बदलायची आहे, पण टिटवी टाकलं तर उघडत नाही."

मी निरोप दिला आणि त्यांनी डोकं धरलं. शब्द दोन ठिकाणी होता. घाईत त्यांनी काढायचा तेवढा बदलला. मॅक्रोने कुलूप टिटवीने काढलं होतं आणि जाताना पुन्हा जुन्याच शब्दाने लावलं होतं.

"सांगा त्यांना, मी येतोय, काही टाकू नका," ते ओरडले आणि पळाले. मी सांगेपर्यंत फोन ठेवला गेला होता. माणूस जिन्यात कोसळेल या भीतीने मी मागोमाग गेले.

आम्ही पोचलो तेव्हा मोठ्या सिस्टर संगणकासमोर बसल्या होत्या आणि शीट उघडलेलं होतं.

"उघडलं," त्या म्हणाल्या. "माझं नाव मीच टाकलं."

कुलूपदादा दारातच उभे राहिले. हात जोडायला गेले, तेही अर्धवट राहिले.

"लंगडी तर मी आहेच. त्यात खोटं काय लिहिलंत?" त्या पडद्याकडेच बघत होत्या. "पण टिटवीचा दात पडला म्हणून सांगायला यायचात, तेव्हाही मनात हेच असायचं का?"

कुलूपदादांना नाही म्हणायचं होतं. पलीकडे कुणाचं तरी बाळ रडत होतं, आणि उत्तर यायच्या आत मोठ्या सिस्टर उठल्या, खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

"बदलून द्या. या वेळी दोन्हीकडे बदला."

ते बसले. "टिटवीच ठेवू ना?" त्यांनी खाली बघत विचारलं.

"नको," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "पोरीचं नाव यात नको." आणि त्या रडणाऱ्या बाळाकडे लंगडत निघून गेल्या.