काळा कुडा, पांढरा कुडा

सोमवारी दुपारी सातवीचा तास चालला होता. केळव्याहून सायकल मारत आलेला शेजारचा माणूस वर्गाच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, चला. यमुबाय गेली." मी खडू हातात धरून त्यालाच विचारलं, "कुठं गेली?" खरंच विचारलं. आदल्या संध्याकाळी माझ्यासमोर अंथरुणावर उठून बसलेली, "पोरांना मारू नको हां" असं मला बजावणारी माझी सख्खी थोरली बहीण... ती जाईलच कुठं?

सहा आठवडे झाले. अजून मला ते नीट कळलेलं नाही.

बायचं घर केळव्याला, नारळीपोफळीच्या वाडीत. मेव्हणे लवकर वारले. तेव्हापासून ती आणि तिची मुलगी शांता, दोघीच. हगवण लागली की अख्खा गाव, किनाऱ्यावरच्या मासळीवाल्या बायकासुद्धा, हिच्या ओट्यावर. औषध एकच, कुड्याची साल. पण कुडा दोन जातींचा. पांढरा कामाचा, काळा बिनकामाचा, आणि दोघांची झुडपं शेजारीशेजारी, पानं सारखी, चीकही सारखाच पांढरा. फुलं किंवा शेंगा असल्या तर कुणीही ओळखावं. नसल्या तर भले भले फसतात. बाय फसत नसे. सालीचा तुकडा दाताखाली धरायची, की झालं. पांढरा कडूजहर, काळा नुसता कडवट. एकदा एका गड्यानं टेकडीवरून भाराभर साल सोलून आणली. हिनं एक तुकडा चावला आणि अख्खा भारा अंगणात भिरकावला. "काळा हाय! लोकांच्या पोटाशी खेळतोस?" तो बिचारा दोन महिने त्या गल्लीतून गेला नाही.

मी मुंबईला वनस्पतिशास्त्र शिकून आलो आणि शहाणा झालो. तिला सांगू लागलो, "बाय, फुलोरा पाहिल्याशिवाय झुडूप ओळखायचं नसतं. शास्त्र आहे ते." ती भाकरी थापत म्हणाली, "बरं तर. हगवणीला सांग, फुलं येईतो थांब म्हणून." शांता हसून लोळली. मला मात्र राग आला होता, काय सांगू! पण गावात कुणीही भेटलं की हीच बाय माझी टिमकी वाजवायची. "आमचा बाबू झाडांचा मास्तर हाय, बोईसरला." तिकडे तारापूरच्या अणुवीज केंद्राचं बांधकाम, परप्रांतातून आलेले इंजिनियर, त्यांची हिंदी, आणि त्या सगळ्यांत मोठा कोण, तर हिचा बाबू.

त्या रविवारी सकाळी गेलो तर बाय स्वतःच हगवणीनं आडवी. सालीचा डबा रिकामा, सगळी लोकांना वाटून टाकलेली. शांता म्हणाली, "मामा, पालघरच्या डॉक्टरकडे नेऊ या का?" आणि मी... मी म्हणालो, "डॉक्टर कशाला? औषध आपल्याच टेकडीवर उभं आहे." कोयता घेऊन निघालो. फुलं नव्हती, शेंगा नव्हत्या. पानं पाहिली, शिरा मोजल्या, मनाशी पाठ म्हटल्यासारखं केलं आणि ऐटीत साल सोलून, वर एक फांदीही तोडून घेऊन आलो. शांतानं उकळली. बायनं वाटी तोंडाला लावली, क्षणभर थांबली, मग गटागटा प्यायली.

"कडू आहे ना?" मी विचारलं.

"हाय तर. लय कडू." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

संध्याकाळच्या गाडीनं मी समाधानानं बोईसरला परतलो.

तेराव्याला ओटा झाडताना ती फांदी कोपऱ्यात सापडली. पानं सुकून निळसर काळी पडली होती. काळ्या कुड्याची पानं सुकली की निळी पडतात. हे मी परीक्षेत लिहिलं होतं, गुणही मिळवले होते. पालघरचे डॉक्टर नंतर म्हणाले, "साल कुठलीही असती तरी भागलं नसतं. अंगातलं पाणी आटलं होतं, वेळेवर आणायला हवं होतं." मला धीर द्यायला म्हणाले. पण दवाखाना नको, हे कुणी म्हटलं होतं?

हे शांतापासून लपवावं असं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. दोन दिवस लपवलंही. तिसऱ्या दिवशी चुलीपुढे बसलेल्या तिला फांदी दाखवली आणि म्हणालो, "पोरी, मी काळा आणला होता."

तिनं फांदीकडे पाहिलंसुद्धा नाही. "ठाऊक हाय, मामा."

"कधीपासून?"

"आईनं पहिल्या घोटालाच ओळखलं. तुमी हात धुवायला विहिरीवर गेलात, तवा म्हणाली, काळा हाय. मी उठले, म्हटलं मी जाऊन दुसरी आणते. तर माझा हात धरला तिनं. म्हणाली, त्याच्यादेखत दुसरी साल उकळायची नाय. शिकलेला हाय तो, शरमेल. तो गाडीला गेला की मग आण."

"मग?"

"तुमी गेलात तवर अंधार पडला, मामा."