'पतीचं नाव' हा कॉलम
सातव्या खोलीतल्या मावशींवर अन्याय झाला तो तीन वर्षांपूर्वी, होळीच्या आदल्या दुपारी, घाटकोपरच्या आमच्या चाळ कमिटीच्या पत्र्याच्या ऑफिसात. ताज्या ऑइलपेंटच्या वासाने डोकं उठलं होतं. चाळ पाडून मिळणाऱ्या नव्या घरांची यादी मी लॅपटॉपवर करत होते आणि सेक्रेटरी काका कॉलमची नावं सांगत होते, "खोली नंबर, पतीचं नाव." मग मावशींकडे वळून म्हणाले, "नवऱ्याचं नाव सांगा, घर त्याच्याच नावावर होणार." मावशी म्हणाल्या, "तो बारा वर्षांपूर्वी पळाला, खोली इथेच आहे ना? विजेचं मीटर माझ्या नावावर आहे." काका हसले. मी तो कॉलम पुसून 'खोली कोणाची' असं टाइप केलं आणि खाली मावशींचं नाव घातलं. "तुला कोणी विचारलं गं?" काका म्हणाले. "कोणी नाही. खोली कोणाची, हे त्यांनाही कोणी विचारलं नव्हतं." यादी तशीच पुढे गेली आणि मावशींना घर मिळालं, पण शेजारच्या चाळीच्या यादीत आजही 'पतीचं नाव' हाच कॉलम आहे. तुमच्या सोसायटीची यादी आजच मागून घ्या, आणि त्यात तो दिसला तर तिथल्या तिथे बदलायला लावा.