पहिल्या ओळीतला सभासद

भोकरदनच्या बाहेर कापसाची एक जिनिंग होती. तिथं मी कॉम्प्युटरवर बसायला लागले, तेव्हा मुनीमजींनी पहिल्याच दिवशी मला विचारलं, "माय, हा तुझा टीव्ही लाईट गेल्यावर काय करतो?" मी म्हटलं, बंद पडतो. "मी पडत न्हाई," ते म्हणाले आणि पुन्हा लिहायला लागले.

मी जालन्याहून कॉम्प्युटरचा कोर्स करून आले होते आणि तोंडाची तिखट होते. त्यांची उभी हयात त्या गादीवर गेलेली. कामगारांच्या फंडाचं वर्षाचं विवरण, म्हणजे कुणाचा किती फंड कापला, कोण नवीन लागलं, कोण सोडून गेलं, हे सगळं ते दरवर्षी हातानं लिहायचे, लाल कापडात बांधायचे आणि एसटीनं फंडाच्या ऑफिसात नेऊन द्यायचे. गठ्ठा मांडीवर. शेजारच्यानं त्यावर कोपर टेकवलेलं त्यांना खपायचं नाही.

एका वर्षी ऑफिसचं पत्रक आलं. यंदापासून विवरण इंटरनेटवरून भरायचं आणि जोडायचे कागदही स्कॅन करून त्यालाच जोडायचे: फंड भरल्याची बँकेची चलनं, सोडून गेलेल्यांची यादी, ऑडिटरच्या सहीचा कागद. मुनीमजींनी पत्रक उलटसुलट करून पाहिलं. "मंग शिक्का कुठं मारायचा?"

मला हसू आलं, पण त्यांचं सगळं त्या विवरणावर अडलं होतं. ते त्याच वर्षी रिटायर होणार होते आणि हे शेवटचं विवरण मंजूर झाल्याशिवाय त्यांची पेन्शन सुरू व्हायची नव्हती. बायको वारलेली, एकुलती एक लेक परतूरकडं आष्टीला दिलेली. लेक-जावई दोघंही मागं लागले होते, बाबा, आता इकडंच या. पण लेकीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही रीत मुनीमजींनी तिच्या लग्नापासून पाळलेली. आष्टीला जाताना पाण्याची बाटली पिशवीत घेऊन जायचे. "पेन्शन लागली की जाईन," म्हणायचे. "तिच्या छपराखाली राहीन, खाईन माझं मी."

तर मी टाइप करून राह्यले आणि ते माझ्या खुर्चीमागं उभे.

"थांब. पहिल्या ओळीत श्री लिही."

"मुनीमजी, हे कॉम्प्युटर आहे."

"असू दे. आजवर एक हिशोब श्रीबिगर सुरू केला न्हाई."

म्हटलं, म्हाताऱ्याचं मन कशाला मोडा. लिहिला श्री. त्यांनी की-बोर्डला हळदकुंकूही लावलं, ते मी नंतर कितीतरी दिवस नखानं काढत होते. स्टँडजवळच्या इंटरनेट कॅफेतून विवरण पाठवलं आणि मुनीमजींनी स्क्रीनला हात जोडले.

काही दिवसांनी ते परत आलं. कारण एका ओळीत होतं: चलनापेक्षा विवरणात एक सभासद जास्त.

माणूस जास्त म्हटल्यावर मुनीमजींनी कागद बघायचे सोडून माणसंच मोजायला घेतली. जिनिंगच्या आवारात सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि बोट नाचवत मोजत गेले. भरले ते चलनापेक्षा एकानं कमीच. पुन्हा मोजलं, पुन्हा कमी. जास्तीचा माणूस शोधायला गेलेला माणूस आणखी एक हरवून आला. शेवटी गाठी बांधायच्या प्रेसवरच्या फिटरचाचांनी कपाळाला हात लावला. "मुनीमजी, आपने खुद को गिना क्या?"

मी तोवर रांगेतून सुटून आत येऊन फाईल उघडली होती. जास्तीचा सभासद पहिल्याच ओळीत बसला होता. कॉम्प्युटरनं श्रीला कामगार धरून एक नंबर दिला होता. पुढं वडिलांचं नाव रिकामं.

"मुनीमजी, हा काढावा लागेल. त्याच्या वडिलांचं नावसुद्धा नाही."

"त्याच्या बापाचं नाव कोणाला म्हाईत न्हाई? शंकर लिही."

मी एवढी हसले की खुर्ची मागं सरकली. ते हसले नाहीत. श्री काढायचा नाही म्हणजे नाही, पेन्शन अडली तर अडू दे, असं म्हणून भिंतीकडं तोंड करून बसले. मग मात्र माझं डोकं फिरलं. "मग जन्मभर बाटली घेऊनच जा आष्टीला," मी म्हटलं.

ते भिंतीकडं बघतच हळूच म्हणाले, "पोरगी दरवेळेस पाण्याचा तांब्या पुढं करती, माय. दरवेळेस परत नेती." मला फार वाईट वाटलं. चिडून बोलायचं ते बोलून बसले होते, पण आता काहीतरी करणं भाग होतं.

म्हटलं, ओळीत नको, जोडपत्रात लावू. एका कोऱ्या कागदावर त्यांना श्री लिहायला लावला, तो स्कॅन केला आणि चलनांच्याही आधी, पहिलं जोडपत्र म्हणून लावला. "चालतंय का हे?" त्यांनी विचारलं. "बिलकुल," मी ठोकून दिलं. मलाच कुठं माहीत होतं? विवरण गेलं, मंजूर झालं आणि मुनीमजींची पेन्शनही लागली. ऑफिसात तो कागद कुणी उघडला की नाही, कोण जाणे.

पुढच्या वर्षी एका लग्नाच्या निमित्तानं आष्टीला गेल्ते, तेव्हा लेकीकडं राहायला गेलेल्या मुनीमजींकडं डोकावले. ओसरीवर बाजेवर बसलेले. "माझ्याकडं आलीस, चहा घेतल्याबिगर जाऊ देत न्हाई," म्हणाले. आत फळीवर त्यांचे दोन डबे वेगळे होते, एक चहापत्तीचा, एक साखरेचा. दोन्हींवर कागद चिकटवून श्री लिहिलेला.

मी लेकीच्या मागं चुलीपाशी गेले. तिनं बाबांच्या डब्यातली साखर पातेल्यात टाकली आणि लगेच आपल्या मोठ्या डब्यातून दोन मुठी पुन्हा त्यांच्या डब्यात भरल्या. "पेन्शनीत कुठं भागतंय?" ती कुजबुजली. "सांगू नका त्यांना."

मी बाहेर आले आणि जित्याची खोड, मला राहवेना. "काय मुनीमजी, साखर पुरते का महिनाभर?"

त्यांनी आतल्या दाराकडं एकदा पाहिलं. "पुरती," म्हणाले. "मी मोजत न्हाई आता." आणि चहा बशीत ओतून घेतला.