आमच्या क्लबला आलेलं गिऱ्हाईक

आयर्लंडमधल्या एका लहान गावातल्या फुटबॉल क्लबची मी मेंबर आहे. राहते न्यू जर्सीत, पार्सिपनीला. हे सांगितलं की इथले मराठी लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "पण तुझा काय संबंध?"

संबंध असा, की लग्नानंतर चार वर्षं आम्ही त्या गावात काढली. नवऱ्याला तिथल्या औषधांच्या कारखान्यात नोकरी मिळाली होती. शेजारी सत्तरीला आलेल्या एक बाई एकट्याच राहायच्या. तिथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, पण माझ्या तोंडून ते निघेना. मी त्यांना मावशी म्हणायला लागले. अर्थ विचारल्यावर सांगितलं, आईची बहीण. त्या म्हणाल्या, "मला बहीणच नाही. तरी चालेल."

या मावशी क्लबच्या मैदानावर चहाचं दुकान चालवायच्या. दुकान म्हणजे पत्र्याची खोली, दोन मोठ्या किटल्या आणि समोर एक फळी. एका शुक्रवारी त्यांनी मला सोबत नेलं. मी कोल्हापूरची, त्यामुळे फुटबॉल मला नवा नव्हता. पण आमच्याकडे माझ्या लहानपणी मुलींनी मैदानात जायची रीत नव्हती. ओळखीच्या एका घराच्या गच्चीवरून मी पेठांचे सामने बघायचे. इथे मात्र आयुष्यात पहिल्यांदा गवताच्या इतक्या जवळ उभी होते, की खेळाडूंचे श्वास ऐकू येत होते. क्लबचा पगार तुटपुंजा, म्हणून आमचा गोलकीपर दिवसा वायरमनचं काम करायचा. पुढे खेळणारा एक जण शाळेत शिकवायचा. प्रेक्षक फार तर चारशे. त्या दिवशी आम्ही हरलो. मी पुढच्या शुक्रवारी परत गेले.

क्लबच्या मालकीचं म्हणाल तर एक मैदान होतं आणि कर्ज होतं. क्लब कुणा एकाचा नव्हता. वर्षाची वर्गणी भरणारे सगळे मेंबर मिळून मालक, आणि प्रत्येकाला एक मत. मला हे फार ओळखीचं वाटलं. आमच्याकडच्या तालमींचे संघ असेच पेठेच्या वर्गणीवर चालतात. लाइटचं बिल वाढलं की सामना दुपारी व्हायचा, म्हणजे फ्लडलाइट लावायला नकोत. बाहेरगावच्या सामन्यांना बस परवडेना झाली, तेव्हा खेळाडू आपापल्या गाड्यांतून गेले. एकदा गवत कापायचं मशीन बंद पडलं तर एका शेतकऱ्याने आपलं आणलं आणि सामना सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधीपर्यंत तो कापतच होता.

मीही हातभार लावला. बटाटेवडे केले. पहिल्या दिवशी मिरची आपल्या हिशेबाने घातली, तर पहिल्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांतून पाणी आलं. मावशी काळजीने बघत राहिल्या. तो माणूस पाणी प्यायला, नाक पुसलं आणि म्हणाला, "अजून दोन दे." पुढे दर सामन्याला शंभर वडे जायचे. माझ्या मुलीचा जन्म तिथलाच. तिचं पहिलं वर्ष त्या पत्र्याच्या खोलीत, किटल्यांच्या उबेत गेलं.

मग नवऱ्याची बदली अमेरिकेत झाली. निघताना मावशींनी मेंबरशिपचं कार्ड हातात दिलं. "वर्गणी चुकवायची नाही," एवढंच म्हणाल्या. मी कधी चुकवली नाही. तिथल्या शुक्रवार संध्याकाळचा सामना इथे दुपारी पावणेतीनला येतो. ऑफिसच्या कॅलेंडरवर ती वेळ मी कायम ब्लॉक करून ठेवलेली असायची. क्लबवाले इंटरनेटवर एका कॅमेऱ्यावरून दाखवायचे, पाऊस आला की काच धुरकट व्हायची आणि बॉल कुठे आहे ते ओरडण्यावरून ओळखावं लागायचं.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मावशींचा फोन आला. आवाज नेहमीसारखा नव्हता. खेळाडूंचे दोन महिन्यांचे पगार थकले होते. पुढच्या सीझनसाठी लीगचं लायसन्स हवं तर सगळी देणी फेडल्याचं दाखवणं भाग होतं. आणि नेमकं अशा वेळी गिऱ्हाईक आलं होतं. अमेरिकेतली एक कंपनी क्लब विकत घ्यायला तयार होती.

"ऑफिस तुझ्या बाजूला आहे म्हणे, जर्सी सिटी," मावशी म्हणाल्या. "आम्ही सगळ्यांनी त्यांच्या माणसाला फक्त स्क्रीनवर बघितलंय. तू जाऊन भेट. माणूस कसा आहे ते आम्हाला सांग."

"मावशी, मला यातलं काय कळतं? मी सॉफ्टवेअर टेस्ट करते."

"म्हणजे चुका शोधायचं काम करतेस ना? मग झालं."

मी एक दिवस सुट्टी घेतली. मुलगी तेव्हा बारा वर्षांची. ती म्हणाली, "आई, इट्स जस्ट अ टीम." नवऱ्याने ट्रेनला सोडलं आणि गाडीच्या खिडकीतून वाकून म्हणाला, "भांडू नकोस हं."

भांडायला मी तयारच होऊन गेले होते. पण नदीकाठच्या त्या उंच इमारतीत जो माणूस भेटला, त्याच्याशी भांडणं अवघड होतं. वय चाळिशीचं, बोलणं मऊ. स्वतः उठून त्याने कॉफी आणली. त्याचे पणजोबा आयर्लंडमधून आलेले. त्यांचा एक जुना फोटो त्याने फोनवर दाखवला. मग कागद पुढे केले. सगळी देणी कंपनी फेडणार. नवे फ्लडलाइट, खेळाडूंना वेळेवर पगार, चहाच्या दुकानाच्या जागी चांगलं कॅन्टीन. बदल्यात क्लब आणि मैदान दोन्ही कंपनीच्या नावावर.

"तुम्ही आमची मॅच बघितलीय का?" मी विचारलं.

"व्हिडिओ बघितलेत. प्रत्यक्ष अजून नाही."

"आणि नाही जमलं तर? तुम्ही निघून गेलात तर मैदानाचं काय?"

त्याने खोटं सांगितलं असतं तर माझं काम सोपं झालं असतं. "आम्ही प्रत्येक गुंतवणूक तीन वर्षांनी तपासतो," तो म्हणाला. "तेव्हा काय ठरेल, ते मी आज सांगू शकत नाही. मैदान आमच्याकडे राहील. विकायचं की नाही, ते आम्ही ठरवू."

परतीच्या ट्रेनमध्ये मला त्या माणसाचा राग येईना, आणि मन हलकंही होईना. घरी येऊन सगळं जसंच्या तसं लिहून काढलं. माणूस सरळ आहे, हे लिहिलं. मैदानाबद्दल काय म्हणाला, तेही लिहिलं. माझं मत लिहिलं नाही.

त्या आठवड्यात कोल्हापूरला वडिलांशी, आप्पांशी बोलताना हा विषय काढला. आप्पा तरुणपणी पेठेकडून हाफला खेळलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घेणारा पेठेतला हाय का?"

"नाही हो आप्पा. अमेरिकेतला आहे."

"मग इच्यारतीस कशाला?"

"अहो, पण नाहीतर क्लब बंद पडेल."

"बंद पडायला तो काय कारखाना हाय? पोरं हाईत, गवत हाय. खेळतील की."

मला ते पटलं नाही. आप्पांना बोलायला काय जातंय, असं वाटलं. थकलेल्या पगारांचं काय? त्या वायरमनला दोन मुलं होती. मेंबरांची सभा झाली, बाहेरचे लोक व्हिडिओ कॉलवर. माझा अहवाल वाचून दाखवला. गावच्या हॉलमध्ये एकदम सगळेच बोलायला लागले. मतदान गुप्त होतं. मी 'विका' या बाजूला मत दिलं. क्लब दुसऱ्याचा झालेला चालेल, नाहीसा झालेला चालणार नाही, असा माझा विचार होता.

नऊ मतांनी आम्ही हरलो. गावाने नाही म्हटलं.

पुढचं सगळं भराभर झालं. लायसन्स मिळालं नाही. क्लब देशाच्या लीगमधून बाहेर पडला. बहुतेक खेळाडू दुसरीकडे गेले. थकलेले पगार देण्यासाठी गावाने महिनाभर जमेल ते केलं. नाच ठेवले, केक विकले, एकाने आपली बोट लिलावात काढली. मी इथल्या ओळखीच्यांकडून वर्गणी गोळा केली. पार्सिपनीतल्या एका काकूंनी पन्नास डॉलर दिले आणि म्हणाल्या, "कुठला क्लब ते नको सांगूस, मला लक्षात राहणार नाही." शेवटच्या खेळाडूचा पगार फिटला तेव्हा मावशींनी मेसेजमध्ये फक्त एक अंगठा पाठवला.

जर्सी सिटीतल्या त्या माणसाचाही मेल आला, दोनच ओळींचा. निर्णय समजला, वाईट वाटलं, आणि साधी मेंबरशिप केवढ्याला पडते? मी लिंक पाठवली. त्याने लगेच भरली.

माझ्या शुक्रवारच्या दुपारी मात्र रिकाम्या झाल्या. कॅलेंडरवरचा तो ब्लॉक मी बरेच दिवस काढला नाही. मनात मावशींवर राग होता. विरोध करणाऱ्यांत त्या पुढे असणार, हे मी गृहीत धरलं होतं. फोन कमी केले.

यंदा मे महिन्यात आम्ही तिघंही तिकडे गेलो. क्लब आता काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या लीगमध्ये खेळतो. पगार कुणालाच नाही, सामना रविवारी सकाळी. माणसं साठ-सत्तर. गोलकीपर मात्र तोच वायरमन. आता त्याचं पोट सुटलंय. मुलीने मैदानाला पूर्ण फेरी मारली आणि येऊन म्हणाली, "इट्स सो स्मॉल." मग थोड्या वेळाने रेलिंगला टेकून ती पंचावर ओरडताना दिसली.

मावशी ऐंशी पार केलेल्या. पत्र्याच्या खोलीत, त्याच फळीमागे. मला बघून त्यांनी मिठी मारली नाही, कप पुसायचं फडकं हातात दिलं. मी पुसत राहिले. शेवटी राहवलं नाही.

"मावशी, मी 'विका' म्हणून मत दिलं होतं."

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. किटलीत पाणी ओतत राहिल्या. "मीही."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. "तुम्ही? मग एवढं सगळं... ते केक, ते नाच, ती वर्गणी?"

"मत दिलं, मोजलं, संपलं. मी हरले म्हणून पोरांचे पगार थकवायचे का?" मग किटलीवर झाकण ठेवत म्हणाल्या, "पहिले दोन महिने मी रोज रडले. हे कुणाला सांगायचं नाही."

मी इतके दिवस ज्यांच्यावर रुसले होते, त्या माझ्याच बाजूच्या निघाल्या. सॉरी म्हणावं तर कशाबद्दल, ते त्यांना सांगावं लागलं असतं. बाहेर हाफटाइमची शिट्टी झाली आणि लोक फळीकडे यायला लागले.

"रडायचं असेल तर मागे जा," मावशी म्हणाल्या, "नाहीतर दूध पुढे सरकव. रांग लागलीय."

मी दूध पुढे सरकवलं.