सातवी ‘ब’ची तागडी

खडूची भुकटी आणि शाळेतले किस्से, दोन्ही पदराला चिकटून घरी येतात. भुकटी झटकता येते. किस्से मात्र गिरगावात आमच्या घरी थेट जेवणाच्या पाटापर्यंत पोचतात आणि आई ओरडते, "अगं, आधी गिळ, मग हस!" गेल्या एप्रिलमध्ये तर इतके साठले, की आता कुणाच्या तरी गळ्यात घातल्याशिवाय सुटका नाही.

वार्षिक परीक्षा संपली होती. निकालाला अवकाश होता आणि लालबागच्या आमच्या शाळेत पोरं मोकाट सुटली होती. हेडमास्तर गुप्तेसरांनी तेवढ्यात कुठेतरी वाचलं, की गणित हातांनी करून शिकवावं. झालं! मला बोलावणं आलं. मी शाळेत हंगामी, त्यातून डस्टर पडला तरी दचकणारी. असली कामं अशाच माणसाला देतात.

"बाई, सातवी ‘ब’कडून गणिताचं प्रदर्शन करून घ्या. इन्स्पेक्टरसाहेब येणार आहेत. त्यांना आवडलं तर तुम्ही कायम!"

"आणि नाही आवडलं तर?"

"तर काय, सुट्टी लागतेच आहे!"

केवढा हा दिलासा!

*

पहिला प्रयोग सावलीचा. काठीची सावली मोजायची, मिलच्या चिमणीची सावली मोजायची आणि त्यावरून चिमणीची उंची काढायची. काठीचं काम झकास झालं. चिमणीच्या सावलीला टेप लावली आणि भोंगा झाला. मी दचकले, माझ्या हातातलं टोक सुटलं. मुलांचा घोळका बघून मिलचा भय्या काठी आपटत आला.

"ए! कौन सी युनियन है?"

"सातवी ब!" पोरं एका सुरात ओरडली.

हे कुठलं नवीन लफडं, या विचारात तो पडला. त्याची समजूत घालेपर्यंत दुपार कलली आणि सावली लांबत लांबत समोरच्या चाळीच्या पायऱ्यांपर्यंत गेली. मुलांनी मुकाट्याने तीच मोजली. काठीची सावली दुपारची, चिमणीची संध्याकाळची!

उत्तर बघून गुप्तेसर म्हणाले, "बाई, चिमणी एवढी उंच असती, तर तिचा धूर पुण्यात गेला असता. आपल्या वाट्याला कशाला आला असता?"

*

मग वर्तुळं. प्रत्येकाने घरून एक गोल वस्तू आणायची, दोऱ्याने परीघ मोजायचा, पट्टीने व्यास मोजायचा आणि भागाकार करायचा. परात आली, कॅरमचा स्ट्रायकर आला, एकाने वडिलांच्या भजनी मंडळाचा डग्गा आणला. (तो परत नेताना निम्म्या वर्गाने भजन म्हटलं. ते प्रदर्शनात धरलं नाही.)

दिगंबर पाटकरने आईने वाळत घातलेला पापड आणला. थोड्या वेळाने तो चेहरा पाडून टेबलाशी उभा.

"काय रे, झालं मोजून?"

"परीघ झाला, बाई."

"आणि व्यास?"

"व्यास शिंदेने खाल्ला."

*

स्तंभालेखाचा विषय मात्र मी फार विचार करून निवडला, याचा आजही अभिमान वाटतो. ‘आपल्या चाळीच्या नळावर कोण किती वेळ पाणी भरतं!’ मुलांनी रंगीत खांब काढले, खाली आडनावं घातली आणि कौतुकाने चाळीच्या जिन्यापाशी लावले.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात सावंतकाकू उभ्या. नऊवारीचा पदर खोचलेला. सगळ्यात उंच खांब त्यांचा होता.

"काकू, तुमची वेळ चुकली असेल तर मुलं पुन्हा मोजतील..."

"वेळ बरोबर आसा! मी भरतंय तितको वेळ, कोणाक भियाचंय? पण त्या परबीणीचो खांब माझ्या खांबाक चिकटून कित्याक उभो केलास? आमचा बोलणा नाय!"

मधे चाळीतल्या म्हाताऱ्या जोशी मास्तरांचा खांब घातला. चाळीत शांतता.

*

सध्या ‘मुंबईसह महाराष्ट्र झालाच पाहिजे’ हे पोरं पाढ्यांच्या आधी शिकतात. त्यामुळे शिंदेने स्वतःच्या डोक्याने अंदाजाचा प्रयोग केला. एका चौकोनात माणसं किती ते मोजायचं, मैदानात तसे चौकोन किती ते बघायचं, आणि सभेची गर्दी काढायची.

"बाई, पेपरात एक आकडा, पोलिसांचा दुसरा, माझा तिसरा. सरासरी काढू?"

गुप्तेसर नेमके मागे उभे. त्यांचा चष्मा घसरला. "प्रदर्शनात राजकारण नको! साहेब सरकारी माणूस आहे! बाई, काहीतरी निरुपद्रवी घ्या. नकाशा घ्या, नकाशा!"

घेतला.

*

नकाशाची युक्ती सोपी. पुठ्ठ्यावर जिल्हे काढायचे, कापायचे आणि किराणा दुकानाच्या तागडीत तोलायचे. दुसऱ्या पारड्यात त्याच पुठ्ठ्याचे ठरावीक मापाचे चौकोन. जेवढं वजन, तेवढं क्षेत्रफळ. रत्नागिरीच्या पोरांनी रत्नागिरी कापली, साताऱ्याच्यांनी सातारा. बघते तर रत्नागिरी वजनाला भलतीच भारी!

"अरे, तुम्ही समुद्रासकट कापलीय!"

"मग बाई, मासे काय साताऱ्यात मिळतात?"

*

प्रदर्शनाच्या दिवशी इन्स्पेक्टरसाहेबांना चिमणी आवडली नाही, व्यास दिसला नाही, स्तंभालेखापाशी ते जांभई देत होते. माझी नोकरी टांगणीला. शेवटी ते तागडीपाशी थांबले. नकाशातला उरलेला भाग तिथेच होता, त्याच्या कडेला नखाएवढी मुंबई. पहिली पाळी सुटली होती, मुलांचे वडील थेट मिलमधून येऊन खिडक्यांशी उभे होते. केसांत कापूस तसाच.

"छान! आता ही मुंबई वेगळी कापा आणि तोलून दाखवा."

तेवढाच एक कपचा मी आधीच तोलून पाहिला होता. तागडी ढिम्म हलत नव्हती! संपलं, म्हटलं. उद्यापासून घरी.

कात्री सुलभा तावडेच्या हातात होती. वर्षभर जिचा आवाज मी ऐकला नव्हता, ती सुलभा.

"नाही कापणार," ती म्हणाली.

"का गं?"

"मुंबई नाही कापायची."

"अगं, पुठ्ठा आहे तो!" गुप्तेसर कळवळले.

सुलभाने कात्री साहेबांपुढे धरली. "मग तुम्ही कापा, साहेब. बाबा खिडकीतच आहेत."

साहेबांनी कात्रीकडे पाहिलं. मग खिडक्यांकडे पाहिलं. तिथले सगळे त्या कात्रीकडेच बघत होते.

"राहू दे, राहू दे," ते म्हणाले. "आहे तशीच, सगळ्यांबरोबर तोला. उत्तम प्रयोग! गुप्ते, या बाईंना कायम करून टाका."

मग ते माझ्याजवळ सरकले आणि हळूच विचारलं, "बाई, तुमच्या शाळेला मागचं दार आहे ना?"