पोटावरची पिशवी आणि साबुदाण्याची खिचडी

शी! तो वास आठवला की आजही घास तोंडातल्या तोंडात फिरतो. रबराचा, फिनेलचा, उदबत्तीचा, आणि त्या सगळ्यांच्या खालून येणारा माझा स्वतःचा. एकोणीसशे साठ साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. बंगळूरच्या एका इस्पितळात माझ्या आतड्यातली गाठ काढली, खालची वाट कायमची शिवून टाकली आणि पोटावर डाव्या बाजूला नवं तोंड काढून दिलं. डॉक्टर म्हणाले, "बाई, आता सगळं इथून." जीव वाचला म्हणून ह्यांनी अख्ख्या वॉर्डात पेढे वाटले. मी पडल्या पडल्या त्या तोंडाला शिव्या घालत होते. लाल, ओलं, ओठासारखं दिसायचं मेलं. हवं तेव्हा गळायचं, हवं तेव्हा आवाज करायचं, आणि माझा त्याच्यावर काडीचा ताबा नाही.

घरी आल्यावर खरी पंचाईत झाली. आम्ही पुण्याचे. ह्यांच्या सरकारी कारखान्यातल्या नोकरीमुळे दहा वर्षांपूर्वी इथे आलो, क्वार्टर्समध्ये दोन खोल्या आणि मागे नळ. इस्पितळातून एक रबराची पिशवी आणि कमरेचा पट्टा दिला होता. पिशवी रोज दोनदा सोडवायची, रिकामी करायची, धुवायची, वाळवायची, कातडीला खोबरेल लावून पुन्हा बांधायची. पहिल्या दिवशी मी खाली बघितलं आणि भडाभडा ओकले. तेव्हापासून ते काम माझ्या लेकीनं केलं. एकोणीस वर्षांची पोर, नर्सचं बघून बघून शिकलेली. मी भिंतीकडे तोंड करून, नाकाला पदर लावून पडायचे. एकदाही हात लावला नाही. माझ्याच अंगातली घाण, आणि ती मला बघवत नव्हती. ह्यांची मदत म्हणजे उदबत्त्या. सकाळ-संध्याकाळ जुडगेच्या जुडगे पेटवायचे. घराला देवळाचा आणि संडासाचा वास एकदमच यायचा. मी एकदा चिडून म्हटलंही, "अहो, मला काय ओवाळताय की काय?"

अशात लेकीला स्थळ आलं. मुलगा इंजिनियर, घर येलहंक्याला. बंगळुरातलीच जुनी मराठी माणसं, कितीतरी पिढ्यांपासून इथली. बोलणं मराठीच, पण अर्धं कानडीत भिजलेलं. ह्यांना स्थळ फार पसंत पडलं. एकच अट ह्यांनी मला घातली, "तुझ्या पोटाचं कळता कामा नये. घराण्यात रोग आहे म्हणतील आणि पोरीचं लग्न अडेल." मला काय, लपवायला निमित्तच हवं होतं. मी हो म्हटलं.

पण आवाजाचं काय करायचं? मी डोकं लढवलं. पोटात काही गेलंच नाही तर बाहेर काय येणार? आदल्या दिवसापासून कडक उपास धरला. आणि उपास म्हटल्यावर हात आपोआप कुठे गेले? साबुदाण्याच्या डब्याकडे. आदल्या दिवशी खिचडी, तिच्यात मूठभर दाण्याचं कूट. रात्री रताळ्याचा कीस. पाहुण्यांच्या दिवशी सकाळी पुन्हा खिचडी, वर ताक. अख्खा जन्म उपास म्हणजे पोट रिकामं असंच मानत आलो आम्ही! धान्य खाल्लं नाही म्हणजे काहीच खाल्लं नाही. लेक म्हणालीसुद्धा, "आई, दाणे नको, वारा धरेल." मी तिच्यावरच डाफरले, "उपासाचं कधी बाधतं का?"

दुपारी पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि आई. बाई मोठ्या ठसक्याच्या, कानात हिऱ्याच्या कुड्या. मला "अक्का" म्हणाल्या, पोह्यांचं कौतुक केलं. लेक कॉफी घेऊन आली, समोर बसली. मुलानं काहीतरी विचारलं, तिनं हसून उत्तर दिलं. छान चाललं होतं हो सगळं! आणि माझ्या पोटात वळवळलं. मी पदराखालून दोन्ही हातांनी पिशवी दाबली. पण दाबून कुठं राहतंय? उकळत्या आमटीवर झाकण थडथडावं तसा आवाज झाला, आणि चांगला लांबला. मग पाठोपाठ वास.

बाईंच्या हातातला कॉफीचा पेला ओठांशी थबकला. हे कॅलेंडरकडे बघायला लागले. मुलाचे वडील खोकले. माझे हात पदराखालीच. जमीन दुभंगली असती तर मी आनंदानं आत गेले असते.

लेक म्हणाली, "माफ करा हं. माझं पोट सकाळपासून जरा बिघडलंय."

मान खाली, कान लालबुंद. मी तिच्याकडे बघितलं. एका शब्दाचं काम होतं, "ती नाही, मी." तो शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. उलट मी काय केलं माहीत आहे? मान हलवली. हो, सकाळपासूनच, अशी. बाईंनी पेला खाली ठेवला. "सरी, बरं, कळवतो," म्हणाल्या आणि उठल्या. कॉफी अर्धीच राहिली.

संध्याकाळी लेक मागच्या नळावर माझी पिशवी धूत होती. बघायला येणार म्हणून नेसलेली साडी तशीच, पदर खोचलेला. मी दारात उभी राहून विचारलं, "तू कशाला बोललीस गं?"

तिनं मान वरही केली नाही. "मग तू बोलणार होतीस?"

रागानं नाही म्हणाली. नुसतं विचारलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती आग माझ्यावरचीच होती. पिशवीची किळस होतीच. त्या दिवशी मला त्या हललेल्या मानेची जास्त किळस आली.

दुसऱ्या दिवशी हे कामावर गेल्यावर मी पट्टा घट्ट बांधून घेतला आणि एकटी बसनं येलहंक्याला गेले. इस्पितळानंतर पहिल्यांदा घराबाहेर. जीव मुठीत धरून बसले होते, खिडकीशी, कोणाला लागू नये अशी अंग चोरून. बाईंनी ओट्यावर बसवलं, कॉफी मागवली. मी पेला हातात घेतला आणि सांगून टाकलं, "काल आवाज आला तो माझा. माझ्या पोटावर ऑपरेशनचं तोंड आहे, त्याला पिशवी आहे. माझ्या पोरीचं पोट ठणठणीत आहे. ती माझ्यासाठी खोटं बोलली."

"शिव शिव," म्हणत बाई पाटासकट मागे सरकल्या. मी कॉफी संपवली. मुद्दाम, शेवटच्या घोटापर्यंत. निघताना त्या आत कोणालातरी कानडीत म्हणाल्या, तो पेला आत आणू नका, बाहेरच ठेवा. दहा वर्षांत तेवढं कानडी मला यायला लागलं होतं. परतीच्या बसमध्ये पोटानं दोनदा आवाज केला. शेजारची बाई उठून दुसरीकडे बसली. बसू दे!

आठवड्यानं पोस्टकार्ड आलं. ह्यांनी वाचलं आणि माझ्यासमोर टाकलं. "काय गरज होती तिथं जायची?" कार्डावर लिहिलं होतं, मुलीबद्दल आमचं काही म्हणणं नाही, पण आईच्या आजाराचं कळल्यामुळे पुढे जाता येत नाही. पहिलं अर्धं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. लेकीनं एकदाच वाचलं, कार्ड फळीवर ठेवलं आणि नेहमीसारखी पिशवी घेऊन नळाकडे निघाली.

"आण इकडे," मी म्हटलं.

"आई, तुला ओकारी येईल."

"येऊ दे."

तिच्या हातातून ती घेतली. कोमट, जड, बुळबुळीत. नळाखाली धरली आणि पहिल्यांदाच नीट बघितलं. दोनदा ओकले, तिथंच, मोरीत. लेक मागे उभी राहून माझा पदर धरून होती, भिजू नये म्हणून. तिसऱ्यांदा पोटात ओकायलाही काही उरलं नव्हतं. मग मी साबण मागून घेतला आणि आतून-बाहेरून ती पिशवी धुतली.