काकांची चिमटी आणि जादा दळण

कागदाच्या कारखान्यात माझ्या काकांना सगळे 'चिमटी' म्हणत. लाकडाचा लगदा दळायच्या यंत्रावर त्यांचा जन्म गेला. चालू दळणातून चिमूटभर लगदा उचलायचा, बोटांत चोळायचा आणि "झालं" म्हणायचं, की यंत्र बंद. घरी भाजीत मीठ किती हे कधी कळलं नाही, पण लगदा कळायचा.

त्यांची मुलगी, म्हणजे आमची ताई, शिकून त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागली. काका चारचौघांत मिरवले खरे, पण पिकतं तिथे विकत नाही. ताईने एन्झाइमचा, म्हणजे लगदा मऊ करणाऱ्या एका औषधाचा, प्रयोग मांडला. ते लगद्यात आधी मुरवलं की तंतू सैल पडतात आणि दळण निम्म्यावर येतं. ताई तात्पुरती होती. साहेब म्हणाले, "करून दाखव. जमलं तर नोकरी पक्की."

"बाबा, निम्म्या वेळात बंद करा हं. नाहीतर तंतू तुटतील."

"आता तू मला दळण शिकवणार?" काका हसले.

निम्म्या वेळी त्यांनी चिमटी घेतली. लगदा तयार होता, बोटांना स्पष्ट कळलं. पण कॅनमधल्या पाण्यासारख्या औषधाने आपलं काम अर्धं व्हावं, हे काही पचेना. पोरीची फजिती नको, अशी स्वतःचीच समजूत घालून त्यांनी यंत्र नेहमीइतकं चालवलं. अति तिथे माती. तंतूंचा भुगा झाला आणि मशीनवर कागद सारखा फाटत राहिला.

साहेबांनी सगळ्यांदेखत ताईच्या औषधाला नावं ठेवली. काका शेजारीच उभे, तोंडात मिठाची गुळणी धरून. मला अजून राग येतो. एक वाक्य बोलायचं होतं, भल्या माणसा! ताईची नोकरी गेली. दूरच्या शहरात ती शाळेत शिकवू लागली आणि लगद्याला तिने पुन्हा हात लावला नाही.

काका निवृत्त झाले तेव्हा ती भेटायला आली. चहा गार होईपर्यंत काका घुटमळले.

"पोरी, औषध चांगलं होतं. निम्म्यातच झालं होतं. मीच जास्त दळलं."

"माहीत आहे, बाबा. त्याच दिवशी दळलेल्या लगद्याच्या टाकीतून चिमटी घेतली होती मी. तुमच्याकडूनच शिकले ना!"

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल, म्हणून थांबले होते."